मुलांना आनंदवन दाखवण्याआधी
(चंद्रपूर-गडचिरोलीला मुलांना घेऊन येणाऱ्या आईबाबांना खुलं पत्र)

प्रिय आईबाबांनो,



सुट्ट्या लागल्या की पुण्या-मुंबईच्या, नाशिक-नागपूरच्या गाड्या आमच्या दोन जिल्ह्यांत यायला लागतात. काही मोहर्लीच्या गेटातून ताडोब्यात शिरतात, काही वरोऱ्याला बाबा आमट्यांनी कुष्ठरोग्यांसाठी उभारलेल्या आनंदवनात थांबतात. काही धानोरा रस्त्यानं शोधग्रामला जातात, आणि ज्यांच्याकडे वेळ असतो ते आलापल्लीच्या पुढचं जंगल ओलांडून हेमलकशापर्यंत पोचतात. मागच्या सीटवर मुलं असतात. कशासाठी आलात, असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: मुलांना जरा जाणीव व्हावी, आपल्याला केवढं मिळालंय ते कळावं.

मी याच भागातली. जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवण्यात माझी नोकरी सरली. तुमचा हेतू चांगला आहे याबद्दल मला शंका नाही, आणि येऊ नका असंही मला म्हणायचं नाही. पण त्या उत्तरात एक खोट आहे आणि ती सांगण्यासाठीच हे पत्र. दुसऱ्याचं दुःख पाहून आपलं सुख मोजायला शिकलेलं मूल कदाचित समाधानी होईल. दयाळू होईलच असं नाही. बोटं झडलेला हात पाहून त्याच्या मनात ‘बरं झालं, मला असं नाही’ एवढंच उमटलं, तर सहल फुकट गेली. माणसाशी माणसासारखं वागणं मूल घरात शिकतं, रोज शिकतं. ज्या जागा तुम्ही त्याला दाखवायला आणता, त्यांचा इतिहासही हेच सांगतो.

बाबा आमटे आणि तुळशीराम यांची गोष्ट तुम्ही गाडीतच मुलांना सांगितली असेल. पावसात रस्त्याकडेला पडलेला, कुष्ठरोगानं पोखरलेला माणूस पाहून वरोऱ्याचा हा धाडसी वकील घाबरून निघून गेला, आणि मग त्या भीतीचीच लाज वाटून परत फिरला. गोष्ट मोठीच आहे. पण मुलं वाढवणाऱ्यांच्या कामाची त्या घरातली गोष्ट वेगळी आहे. बाबा आणि त्यांच्या पत्नी साधनाताई वरोऱ्याजवळच्या खडकाळ, झुडपी जमिनीवर राहायला गेले तेव्हा विकास आणि प्रकाश ही त्यांची दोन्ही मुलं शाळेच्याही वयाची नव्हती. 6 कुष्ठरोगी, 1 लंगडी गाय आणि 14 रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन सुरू झालं, असं सांगतात. या पोरांना तिथं कुणी कुष्ठरोगी ‘दाखवले’ नाहीत. विहीर खणणारी, भाजी पिकवणारी, गाईगुरं पाहणारी ती त्यांच्या रोजच्या ओळखीची माणसं होती. त्यांना आजार आहे, ही त्यांच्याबद्दलच्या अनेक गोष्टींतली एक गोष्ट होती.

बाहेर मात्र आनंदवनाची भाजी विकत घ्यायला लोक धजत नव्हते. पन्नासच्या दशकात ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’चे देशोदेशीचे स्वयंसेवक आले. त्यांनी तिथं राहून बांधकामं केली, तिथलंच अन्न खाल्लं. ते पाहून वरोऱ्याची भीती ओसरू लागली. समजावून सांगून जे झालं नव्हतं, ते पंगतीनं झालं. आणि कायद्याचं म्हणाल, तर तो पंगतीच्याही मागे राहिला. कुष्ठरोग झाला म्हणून जोडीदाराला घटस्फोट देण्याची तरतूद आपल्या विवाहकायद्यांत 2019 पर्यंत होती. हा आजार औषधांनी पुरता बरा होतो, हे तोवर दवाखान्यातल्या शिपायालाही ठाऊक झालं होतं.

आता तुमच्या घराकडे येऊ. धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींचा कप तुमच्याकडे वेगळा आहे का? ओट्याच्या कोपऱ्यात किंवा बाल्कनीच्या कट्ट्यावर पालथा घातलेला, कान तुटलेला? त्या चहा कुठं बसून पितात? तुमच्या इमारतीत त्यांना कोणत्या लिफ्टनं यावं लागतं? हे प्रश्न उद्धट वाटतील, पण ते टाळून या विषयावर बोलता येत नाही. तुमचं मूल आनंदवनात तीन-चार तास असतं आणि त्या कपाशेजारी वर्षभर वाढतं. कुष्ठरोग्याच्या हातचं न खाणाऱ्या वरोऱ्याची गोष्ट ऐकून त्याला वाईट वाटेल, डोळ्यांत पाणीही येईल. आपल्या घरातही तेच चाललंय हे मात्र त्याच्या लक्षात येणार नाही, कारण ते त्याला कुणी कधी चुकीचं म्हणून सांगितलेलंच नाही.

हा वेगळा कप नाकारणारी एक जागा चंद्रपुरातच आहे. 16 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, बाबासाहेब आंबेडकर चंद्रपूरला आले आणि इथल्या मैदानावर त्यांनी लोकांना धम्मदीक्षा दिली. अजूनही ऑक्टोबरात चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर खेड्यापाड्यांतून माणसं लोटतात, लेकराबाळांना घेऊन. त्या गर्दीला कुणाची कणव नको असते. हवी असते बरोबरी. मुलाला दयाळू करायला निघालेल्या प्रत्येक घरानं हा फरक समजून घ्यावा. बरोबरी नसलेल्या घरात शिकवलेली दया म्हणजे उपकाराची सवय. ती घेणाऱ्याला खाली बसवते आणि देणाऱ्याला वर.

तुम्ही म्हणाल, सहलीनं काहीच होत नाही असं कसं? प्रकाश आमटे भामरागडला पहिल्यांदा गेले ते वडिलांबरोबर सहलीलाच. खरं आहे. मुलं तरुण असताना बाबांनी त्यांना तिकडे नेलं, माडिया आदिवासींचं जगणं दाखवलं, इथं काहीतरी काम उभं करावं असं मनात असल्याचं सांगितलं, आणि प्रकाशभाऊंनी ते काम अंगावर घेतलं. 23 डिसेंबर 1973 रोजी हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. रस्ते नाहीत, वीज नाही, भाषा येत नाही, पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की जगाशी संबंध तुटलेला. तिथं ते आणि त्यांच्या पत्नी मंदाताई डॉक्टर म्हणून राहिले. पण त्या सहलीमागे आनंदवनात गेलेलं अख्खं बालपण होतं हे विसरू नका. कोरड्या, आधी न नांगरलेल्या जमिनीत नुसतं बी टाकून पीक येत नाही.

हेमलकशाची आणखी एक गोष्ट मुलांना सांगा. बहुतेक लोक ती अर्धीच सांगतात. जंगलातून काही माडिया शिकार घेऊन येत होते. मेलेल्या माकडिणीच्या अंगाला तिचं जिवंत पिल्लू चिकटलेलं होतं. प्रकाशभाऊंनी बदल्यात दुसरं काही देऊन ते पिल्लू मागून घेतलं, आणि तिथून अनाथ प्राण्यांचं ते प्रसिद्ध गोकुळ सुरू झालं. मुलांना बिबट्या, अस्वलं यांचं अप्रूप वाटतं आणि गोष्ट तिथंच संपते. उरलेली अर्धी अशी की त्यांनी शिकाऱ्यांना क्रूर म्हटलं नाही. ही माणसं भुकेपोटी शिकार करतात हे ओळखलं आणि पिल्लाच्या बदल्यात त्यांना काही दिलं. पिल्लाचीही कणव आली आणि त्या भुकेल्या शिकाऱ्यांचीही. एकाची बाजू घेताना दुसऱ्याला हलकं न लेखणं, हे अवघड आहे. आपण घरात काय करतो? रस्त्यावरच्या कुत्र्याला बिस्किट घालतो आणि त्याच फुटपाथवर झोपणाऱ्याला ‘हे लोक असलेच’ म्हणतो. मूल दोन्ही ऐकतं.

त्याच हेमलकशात प्रकाशभाऊ आणि मंदाताईंची मुलं, दिगंत आणि अनिकेत, माडिया मुलांबरोबर त्याच शाळेत शिकली. ‘आमची मुलं वेगळ्या शाळेत, आणि सेवा तुमची’ असा प्रकार तिथं नव्हता. आज दोघंही तिथंच काम करतात. सगळ्यांच्या मुलांनी असंच करावं, असं मला म्हणायचं नाही. पण आपल्या मुलाच्या वर्गात कोण बसतं, वाढदिवसाला कोण येतं, कोणाच्या घरी ते जेवायला जातं, याची यादी एकदा करून पाहा. त्या यादीत सगळे आपल्यासारखेच असतील, तर मुलाला वेगळा माणूस फक्त सहलीत भेटणार. सहलीत भेटलेला माणूस प्रेक्षणीय स्थळासारखा दिसतो. त्याच्याशी भांडण होत नाही, मैत्रीही होत नाही.

आता कामाबद्दल. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे आमच्याकडे मोहफुलांचा सडा पडतो. उन्हं चढायच्या आत फुलं वेचावी लागतात. घरातली सगळी माणसं टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. त्यात चार-पाच वर्षांचं पोरही असतं, त्याच्या हातात त्याच्या मापाची टोपली. त्यानं वेचलेल्या मूठभर फुलांनी घराची मिळकत वाढत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी कुणी ‘तू नको, सांडशील’ म्हणत नाही. ती फुलं त्याच ढिगात पडतात, त्याच अंगणात वाळतात. आपल्या हातांवाचून घराचं काही अडतं, ही भावना त्या पोरात तिथं रुजते. दुसऱ्याचं अडलेलं दिसण्याची सुरुवात तिथूनच होते.

ही माझी भाबडी समजूत नाही. फेलिक्स वॉर्नेकन आणि मायकेल टोमासेलो या संशोधकांनी 2006 मध्ये जर्मनीतल्या दीड वर्षाच्या मुलांवर प्रयोग केले. अनोळखी माणसाच्या हातून वस्तू पडली आणि ती उचलायला त्याचा हात पोचत नसला, की कुणी न सांगता ही मुलं ती उचलून देत. हात भरलेले असल्यानं त्याला कपाटाचं दार उघडता येत नसलं, तर जाऊन दार उघडत. दोन वर्षांनी त्यांनी आणखी पाहिलं: मदत केल्यावर ज्या मुलांना खेळणं बक्षीस मिळत गेलं, ती पुढं बक्षीस नसताना कमी मदत करू लागली. म्हणजे मदतीची ओढ मुलात असतेच. पोळी लाटायला आलेल्या पोराला आपण ओट्यावरून हाकलतो, आणि तोच मुलगा दहा वर्षांचा झाल्यावर ताट उचलावं म्हणून त्याला स्टिकर, चॉकलेट, जादा मोबाइल देऊ करतो. आधी ओढ मारायची आणि मग तिची किंमत मोजायची, असा हा व्यवहार आहे.

शोधग्रामला गेलात तर तिथला दवाखाना नीट पाहा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीत आले तेव्हा आदिवासी दवाखान्यात यायला घाबरत. का घाबरता, हे बंग दांपत्यानं त्यांनाच विचारलं. त्यातून जो दवाखाना उभा राहिला तो एखाद्या गावासारखा आहे: झोपडीवजा खोल्या, रुग्णाजवळ त्याचे नातेवाईक राहू शकतील अशी सोय, आणि नाव दंतेश्वरी देवीचं. आजारी माणसाला एकटं टाकायचं नसतं, हे शिकायला आमच्याकडच्या पोराला कुठं जावं लागत नाही; आजी खाटेवर असते आणि ते तिच्या उशाशी खेळत असतं. शहरात आपण उलट करतो. आजोबा आयसीयूत आणि नातू क्लासला. कुणी गेलं तर मुलांना मामाकडे पाठवतो, ‘उगाच घाबरतील’ म्हणून. आजाऱ्याला पाणी देणं, पाय चेपणं, रडणाऱ्या माणसाजवळ काही न बोलता बसणं, हे मुलानं मग कुठं शिकायचं? माणुसकीच्या गोष्टींच्या पुस्तकात ते येत नाही. हात लावल्यावर येतं.

हे वाचून आमच्या गावांचं फार गोड चित्र तुमच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं असेल तर ते पुसते. गडचिरोलीच्या गोंड-माडिया गावांत आजही पाळी आलेल्या बाईला गावाकडेच्या कुर्माघरात जाऊन राहावं लागतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलीही तिथं जातात. साप-विंचवाची भीती, गळकं छप्पर, पाण्याची गैरसोय. कुठं कुठं नवी, पक्की कुर्माघरं बांधली गेली आहेत. पण भिंत पक्की झाली म्हणून वेगळं बसवणं संपलं असं नाही. पहाटे सगळ्यांबरोबर मोहफुलं वेचणारं ते पोर दर महिन्याला आईला घराबाहेर गेलेली पाहतं आणि हे असंच असतं, असं धरून चालतं. म्हणजे मायाळू घरही मुलाला क्रूरपणा शिकवू शकतं, अगदी सहज, कुणाचा वाईट हेतू नसताना. तुमच्याकडे कुर्माघर नाही. पण ‘कावळा शिवला’ म्हणून देवघराची कडी कुणासाठी लागते? सगळ्यांचं जेवण झाल्यावर उरलंसुरलं कोण खातं? मुलगा पाण्याचा ग्लास मागतो तेव्हा उठतं कोण, बाबा की आई? बहिणीला उठायला सांगून भावाला बसवून ठेवणाऱ्या घरात भावाला परदुःखाची जाण यावी, ही अपेक्षाच वेडी आहे.

ताडोब्याबद्दलही बोललं पाहिजे, कारण आमच्याकडे सर्वाधिक मुलं तिथंच येतात. जिप्सी परत आली की सगळ्यांचा एकच प्रश्न: दिसला का? तोच वाघ बफरमधल्या, ब्रह्मपुरीकडच्या गावांतल्या माणसांनाही दिसतो, पण तो दिसू नये म्हणून ती देव पाण्यात ठेवून असतात. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला, पावसाळ्यानंतर सरपणाला, गुरांमागे गेलेली माणसं वाघाच्या हल्ल्यात जातात, दरवर्षी जातात. त्यांच्या घरीही तुमच्या मुलांच्या वयाची मुलं असतात. ही गोष्ट सांगून मुलांची सहल नासवा, असं नाही. वाघावर राग धरायला शिकवा, असं तर मुळीच नाही. ज्यांची माणसं गेली त्या गावांतही वाघाला देव मानणारे लोक आहेत. पण परतीच्या वाटेवर गाइडला एवढं तरी विचारायला मुलाला सांगा की ‘दादा, तुमच्या गावातले लोक जंगलात जाताना काय काळजी घेतात?’ वाघ पाहणं हा आनंद आहे. त्या वाघाशेजारी कोण राहतं, हे विचारणं हा संस्कार आहे. दुसरा प्रश्न मुलाला आपोआप सुचत नाही. आईबाप विचारताना दिसले तरच सुचतो.

आणि शेवटचं ठिकाण, जिथं तुमच्यापैकी फार कमी जण जातात: धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा). वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवलेलं हे छोटं गोंड गाव. तिथं बघण्यासारखं काही नाही, ऐकण्यासारखं आहे. गावाचे निर्णय बहुमतानं होत नाहीत, सर्वसहमतीनं होतात. एकाचाही विरोध असला तर चर्चा पुढं चालू राहते. वेळ लागतो, वैताग येतो. पण हरलेला म्हणून कुणी घरी जात नाही. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी गावकऱ्यांबरोबर ही रीत वर्षानुवर्षं जपली. घरात हे करून पाहायला जंगल लागत नाही. सुट्टीत कुठं जायचं, आजीची खोली कोणती, टीव्हीवर काय लावायचं, यात सगळ्यात लहानाचा नकारही ऐकून घेतला जातो का? ज्याचं म्हणणं घरात कुणी ऐकलेलं नाही, त्यानं बाहेर दुसऱ्याचं ऐकावं, असं आपण कोणत्या तोंडानं म्हणणार?

सहानुभूतीचा वर्ग लावता येत नाही आणि शिबिरात ती भरून आणता येत नाही. ‘शेअर कर, सॉरी म्हण’ एवढं शिकवून भागत नाही. मुलं आपलं बोलणं ऐकतात त्यापेक्षा आपण वॉचमनशी, रिक्षावाल्याशी, भाजीवालीशी, घरातल्या म्हाताऱ्याशी आणि एकमेकांशी कसं बोलतो ते ऐकतात. रागानं बोललात तर त्याच माणसाची मुलासमोर माफी मागा. त्या दोन वाक्यांत जे मिळतं ते शंभर बोधकथांत मिळत नाही.

म्हणून माझी विनंती मोजकी आहे. या आठवड्यात घरातला वेगळा कप काढून टाका आणि सगळ्यांनी एकाच टेबलावर, एकसारख्याच कपांतून चहा प्या. मुलाला रोजचं एक खरं काम द्या, जे त्यानं केलं नाही तर घराचं खरोखर अडेल. आणि त्याचे पैसे देऊ नका. मुलगा असो की मुलगी, काम सारखंच द्या. कुणी आजारी असलं तर मुलाला बरोबर न्या. त्याला त्याच्यासारख्या नसलेल्या एका तरी घरी जेवायला पाठवा आणि त्या घरालाही आपल्याकडे बोलवा. यांतलं एकही करायला चंद्रपूर-गडचिरोलीला यावं लागत नाही. आणि घरात हे होत नसेल, तर इथं येऊनही मुलाला फार काही मिळणार नाही.

आपली,
चंद्रपूर जिल्ह्यातली एक निवृत्त शिक्षिका